दोन खुणांमधलं अंतर

"लंबक घे," सर म्हणाले. "दोरा, गोळा आणि स्टॉपवॉच. पंधरा दिवसांत घरच्या घरी होईल."

तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय सांगायचा तो दिवस होता. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही रांगेत उभे होतो आणि माझ्या पुढच्या चौघांना सरांनी लंबकच दिला होता. मी मात्र विषय घरून कागदावर लिहून आणला होता: समुद्रात चालणाऱ्या दोन प्रकारच्या कयाकचा वेग आणि हाताळणी यांची तुलना. सरांनी तो कागद दोनदा वाचला.

"कयाक म्हणजे ती पर्यटकांची वल्ह्याची होडी?"

"हो, सर."

"तुला चालवता येते?"

"शिकतेय."

"मग आधी शीक, मग तुलना कर."

मागे सगळे हसले. तीन वर्षांत मी वर्गात आपणहून फारशी बोलले नव्हते. घरी मालवणी बोलणारी मुलगी वर्गात तोंड उघडते तेव्हा प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घेते, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. त्या दिवशी वाक्य लहान होतं. "मला हाच करायचाय, सर," मी म्हणाले. कागद त्यांच्या टेबलावरून उचलला नाही. सरांनी तो उचलावा म्हणून मी तिथेच उभी राहिले, मग त्यांनी वैतागून सही केली.

मी हट्ट का केला, ते नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बाबा छोट्या होडीने मासेमारी करतात, आई बाजारात मासे विकते. कॉलेज तीन वर्षांचं असतं एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि चौथं वर्ष लागलं तर कॉलेज सोडून घरी बसायचं, हेही न बोलता ठरलेलं होतं. मावशीकडे दोन स्थळं तयार होती. प्रोजेक्टमध्ये नापास म्हणजे वर्ष गेलं. हे सगळं माहीत असताना शहाण्या मुलीने लंबक घ्यायला हवा होता. पण तीन वर्षं मी पुस्तकातले प्रयोग पुस्तकातल्या उत्तरापर्यंत आणून पोचवत आले होते. ज्याचं उत्तर आधी कुणी लिहून ठेवलेलं नाही, असं काहीतरी एकदा तरी मोजायचं होतं.

आणि ते काहीतरी आमच्या शेजारीच पडलं होतं.

आमचं गाव तारकर्लीच्या अलीकडे, खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीवर. शेजारचे काका खाडीत पर्यटकांना कयाक देतात. त्यांच्याकडच्या नेहमीच्या कयाक रुंद, प्लास्टिकच्या, वर बसायच्या. मूल उभं राहिलं तरी कलंडत नाहीत. त्याखेरीज गोव्यातला कुणाचा तरी धंदा बंद झाला तेव्हा काकांनी तिथून दोन वेगळ्या आणल्या होत्या. त्या लांब, अरुंद, पुढून-मागून टोकदार. त्यांच्या पोटात पाय घालून बसावं लागतं. पहिल्याच आठवड्यात तीन पर्यटक त्यातून पाण्यात पडले. तेव्हापासून त्या माडाखाली पालथ्या पडल्या होत्या आणि कोंबड्या त्यांच्याखाली अंडी घालत होत्या.

मी मागायला गेले तेव्हा काका हसले. "ने गो. पण ती होडी नाय, सुसर आसा ती. पाठीर बसलंस की लोळता."

"लोळली तर मी बघतंय."

"बघ, बघ. खालसून बघशीत."

काकांचं म्हणणं असं की अरुंद होडी वाईट. गावाचंही तेच. मला वाटायचं, कुणीतरी ती मुद्दाम इतकी लांब आणि अरुंद केली आहे, म्हणजे त्याला काहीतरी हवं असणार. ते काय, हे मला मोजून बघायचं होतं. बाकी काही नाही.

पहिले पंधरा दिवस मोजणं दूरच, नुसतं बसणं चाललं होतं. लाइफ जॅकेट घालून मी कमरेएवढ्या पाण्यात अरुंद होडीत शिरायची आणि दुसऱ्या क्षणी पाण्याखाली असायची. किनाऱ्यावर जाळी विणत बसलेल्या माणसांना कामाबरोबर करमणूक मिळाली.

"काय गो चेडवा, परत उपडी झाली मां?"

"कॉलेजात ह्याच शिकवतत काय रे?"

"होय तर! फी भरून बुडूक शिकता ती."

"बुडूक नाय," मी नाकातलं पाणी शिंकरत म्हटलं, "वर येऊक शिकतंय!"

हे उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचलं असतं तर नेहमीसारखं झालं असतं. ते त्याच वेळी सुचलं, म्हणून अजून लक्षात आहे. ते लोक त्यानंतरही हसत राहिले, पण हळूहळू उपड्या होण्याची संख्या कमी झाली आणि त्यांना परत जाळ्याकडे लक्ष द्यावं लागलं. तोल सांभाळायला हातांपेक्षा कंबर लागते. होडी कलली की आपण घाबरून ताठ होतो, आणि ताठ झालो की पडतो. कंबरेखालचं अंग होडीला देऊन टाकायचं आणि वरचं आपल्याकडे ठेवायचं. हे कुणी मला शिकवलं नाही. शिकवायला कुणी नव्हतंच.

मग मोजायचं कसं, हा प्रश्न आला. वेग काढायला अंतर आणि वेळ लागतात. वेळेसाठी मनगटावर साधं स्टॉपवॉच होतं. अंतर फोनवर काढता आलं असतं, पण घरात स्मार्टफोन एकच आणि तो आईचा. याआधीचा फोन बाबांच्या खिशातून समुद्रात गेला होता. मी विचारल्यावर आई मासे कापता कापता म्हणाली, "माझो फोन पाण्यात नेलंस तर तूय थंयच रव." विषय संपला.

तेव्हा मी बाबांना विचारलं, समुद्रावर आपण कुठे आहोत हे तुम्हाला कसं कळतं.

उत्तर मला अर्धवट माहीत होतं. आमच्याकडचे मासेमार किनाऱ्यावरच्या खुणा बघतात. पुढे एक झाड, त्याच्या बरोबर मागे दुसरी एखादी उंच वस्तू. दोन्ही एका रेषेत दिसल्या की आपण त्या रेषेवर आहोत. मला अशा दोन रेषा हव्या होत्या. किनाऱ्याला समांतर वल्हवत जायचं, पहिली जोडी जुळली की घड्याळ चालू, दुसरी जुळली की बंद. बाबांनी जाळं बाजूला ठेवलं. मग ते मला किनाऱ्यावर घेऊन गेले आणि हात लांब करून एक जोडी दाखवली, थोडं चालून दुसरी.

"ह्यो जागो मी आजून कोणाक सांगूक नाय," ते म्हणाले. "तुझ्या आवशीकव म्हायत नाय."

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. समुद्राच्या तळाशी जिथे खडक असतो तिथे मासा असतो. तो खडक वरून दिसत नाही. ज्याला तो सापडतो तो किनाऱ्यावरच्या दोन जोड्या लक्षात ठेवतो आणि कुणाला सांगत नाही. सख्ख्या भावालाही नाही. दुसरी होडी जवळपास असेल तर माणूस त्या जागेवर जाळं न टाकता तसाच पुढे जातो. बाबांना ती जागा आजोबांकडून मिळाली होती. त्यांनी ती मला दिली, कारण मी कॉलेजचं काम आहे म्हटलं होतं, आणि त्यांच्याकडे देण्यासारख्या याच खुणा होत्या. त्या कोणत्या, ते मी इथेही लिहिणार नाही.

मी किनाऱ्यावर दोन्ही जोड्यांतल्या पुढच्या दोन खुणांमधलं अंतर दोरीने मोजलं. ते तीनशे मीटरच्या आसपास भरलं. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून येणारा, हलका. त्या वेळी पाणी आरशासारखं असतं. मी एका दिशेने जायची, वळून परत यायची आणि दोन्ही वेगांची सरासरी काढायची, म्हणजे प्रवाहाचा फायदा-तोटा फिटतो. दोन्ही होड्या मीच वल्हवायची, म्हणजे दोघींना ताकद सारखी. रुंद कयाक किनाऱ्याजवळून न्यायची, कारण ती छोट्या लाटांना जुमानत नाही. अरुंद तिथे आडवी लाट घेऊन कलंडायची, म्हणून तिला लाटा फुटतात त्याच्या बरीच पलीकडून न्यायची. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की हाताळणी. जाळ्याचा एक तरंगता बोया नांगरून ठेवला होता, त्याच्याभोवती पूर्ण वळायला वल्ह्याचे किती फटके लागतात ते मोजायची. रुंद पाच-सहा फटक्यांत भिंगरीसारखी फिरायची. अरुंदला चौदा लागायचे. मग एकदा चुकून मी एका कुशीवर कलले आणि ती नऊतच वळली. त्या दिवशी मी एकटीच समुद्रात ओरडले. पडायची भीती वाटते म्हणून आपण तिला सरळ धरतो, आणि सरळ धरली की ती वळत नाही. तिला वळायला कलणंच लागतं.

वारा आडवा असला की तिचं नाक मात्र वाऱ्याकडे वळायचं, ओढाळ गुरासारखं. तेही मी लिहून ठेवलं. तिची बाजू घ्यायची नाही असं मी ठरवलं होतं.

पाच आठवड्यांनी माझ्याकडे सुंदर तक्ता होता. रुंद कयाक ताशी सव्वापाच किलोमीटर, अरुंद आठ. इंटरनेटवर अशाच होडीचं माहितीपत्रक सापडलं, त्यातला आकडाही आठच्या जवळपास. सरांना दाखवला. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "अरे वा." त्यांच्या तोंडून ते दोन शब्द मी तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकले.

प्रोजेक्टची वही जमा करायची होती कुणकेश्वरच्या जत्रेच्या आधी. नऊ दिवस उरले होते. त्या सकाळी गावची रापण लागली होती. किनाऱ्यापासून अर्धवर्तुळात जाळं टाकून दोन्ही टोकांना माणसं ओढत होती, त्यामुळे रुंद कयाक नेहमीच्या वाटेने नेता येईना. तिला मी जाळ्याच्या बाहेरून, खोल पाण्यातून नेली. उगाच एक जास्तीची नोंद, इतकंच. किनाऱ्यावर येऊन आकडा काढला आणि परत काढला. रुंद कयाक साडेसहाने धावली होती.

आधी आनंद झाला, हे खरं सांगते. वाटलं, माझे हात सुधारले. दुसऱ्या फेरीतही तेच आलं तेव्हा आनंद गेला. पाच आठवडे जी होडी सव्वापाचच्या वर गेली नाही, ती एका सकाळीत शहाणी कशी होईल? वाराही नव्हता. बदललं होतं एकच, मी किनाऱ्यापासून लांब होते.

बाबा रापणीच्या दोरावर होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन दोर धरला आणि ओढता ओढता विचारलं, "बाबा, त्या दोन रेषा लांब गेल्यार काय होतत?"

"काय होतत म्हणजे? भेटतत."

"भेटतत?"

"मगे! भेटतत म्हणान तर जागो गावता. नाय भेटल्यो तर जाळा खंय टाकशीत?"

ते हे इतक्या सहज म्हणाले, की पुढचा हिसका देताना मी दोर सोडला आणि मागच्या माणसाची शिवी खाल्ली.

रेषा भेटत होत्या. भेटणारच. त्या एक ठिकाण सापडावं म्हणून निवडलेल्या होत्या. जमिनीवर त्यांच्यात तीनशे मीटर होते, पण जितकं आत जावं तितकं अंतर कमी. मी ज्याला तीनशे मीटर म्हणत होते, ते अरुंद कयाकच्या वाटेवर अडीचशेही नव्हतं. मला समांतर रेषा हव्या होत्या, आणि मासेमाराच्या घरात समांतर खुणा कोण ठेवेल? त्यांचा उपयोगच काय? मी त्या घरात वाढले, म्हणून मला प्रश्न पडलाच नाही. शहरातल्या मुलीने आधी कागदावर आकृती काढली असती. मी बाबांच्या हाताकडे बघितलं आणि विश्वास ठेवला. त्यांनी मला बरोबर खुणा दिल्या होत्या. त्या कशासाठी आहेत, ते विचारायचं काम माझं होतं.

त्याच दुपारी कॉलेजला जाऊन सरांना सांगितलं. आकृती काढून दाखवली. सर वाईट नाहीत. त्यांच्याकडे बावीस मुलांचे प्रोजेक्ट होते आणि त्यातला एक तरी चांगला निघाला म्हणून ते खूश होते.

"पहिला तक्ता चांगला आहे," ते म्हणाले. "माहितीपत्रकाशी जुळतो. तोच लाव."

"जुळतो, सर. पण चुकीचा आहे."

"तुला कळलं ना? झालं. शिकलीस. परीक्षकाला कळायची गरज नाही."

"मी नाही लावणार, सर."

हे बोलताना माझा आवाज फुटला, आणि मला त्याचा राग आला. ठाम बोलायचं होतं आणि रडवेलं ऐकू आलं. पण वाक्य तेच राहिलं. सर म्हणाले, "नऊ दिवस आहेत. पाच आठवड्यांचं काम नऊ दिवसांत होत नाही. वर्ष जाईल तेव्हा माझ्याकडे येऊ नकोस."

"नाही येणार," मी म्हणाले. त्यांना ते उद्धट वाटलं असेल. मी खरंच तसं म्हणत होते.

घरी येऊन मी बाबांकडे चार बांबू मागितले. काटकोन आखायला दोरीला बारा सारख्या गाठी मारल्या. तीन, चार आणि पाच गाठींच्या बाजू केल्या की कोपरा बरोबर काटकोन होतो, हे पुस्तकातही आहे आणि आमच्याकडचे गवंडी पाया आखताना तेच करतात. किनाऱ्याला एक सरळ दोरी, तिच्यावर दोन काटकोन, प्रत्येकावर पुढे-मागे एकेक बांबू. आता रेषा कुठेही भेटणार नव्हत्या. बाबांनी बांबू धरले, मी लांबून हात हलवून डावीकडे-उजवीकडे सांगत होते. एकदा तर ते म्हणाले, "मी समुद्रात इतकी वर्सा गेलंय, माका कोणी असा हलवूक नाय."

पाच आठवड्यांचं काम नऊ दिवसांत झालं नाही. सर खरं बोलले होते. वाऱ्याने एक दिवस खाल्ला. आणि तिसऱ्या सकाळी जाऊन बघते तर दोन बांबू गायब. शेजारच्या होमस्टेमधल्या पर्यटकांनी ते उपटून व्हॉलीबॉलचं जाळं बांधलं होतं. पंधरा-वीस जणांचा खेळ रंगात आला होता. मी मैदानाच्या कडेला उभी राहिले. कुणीतरी मला बघेल, विचारेल, अशी वाट बघत. अशी वाट मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी बघितली आहे. मग मी सरळ मध्ये गेले. बॉल माझ्या खांद्यावर आदळला.

"हे बांबू माझे आहेत," मी म्हणाले. "मला आत्ता हवेत."

"अरे, दहा मिनिटं. गेम संपू दे," एक जण म्हणाला.

"दहा मिनिटांत वारा फिरेल."

त्याला काही कळलं नाही. मी जाळ्याची गाठ सोडायला लागले. पाचव्या सेकंदाला दोघं जण मदतीला आले, आणि एकीने तर बांबू परत रोवायला माझ्याबरोबर येऊन विचारलंही, हे कशासाठी. मी सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही तर रुंदवाल्यातच बसलो. दुसऱ्या कुणी दाखवल्याच नाहीत." काकांना हे मी नंतर ऐकवलं.

शेवटी प्रत्येक होडीच्या सहा फेऱ्या झाल्या. आधीच्या तक्त्यात तीस होत्या. नवे आकडे असे: रुंद ताशी पाच किलोमीटर, अरुंद सहा आणि थोडी वर. आठ नाही. माहितीपत्रकाशी जुळत नाही, असं मी सरळ लिहिलं. दुपारचा खारा वारा समोरून घेत जाताना मात्र रुंद कयाक जवळजवळ थांबायची आणि अरुंद चालत राहायची, हे करून बघितलं त्या दोन्ही वेळा दिसलं. निष्कर्षात मी कुठलीही होडी चांगली किंवा वाईट म्हटली नाही. खाडीत मुलांना घेऊन फिरायचं तर रुंद घ्या. वारा सुटल्यावर समुद्रातून परत यायचं असेल तर आधी अरुंद शिका. एवढंच.

आणि वहीत मी एक पान जादा घातलं. त्यात पहिला चुकीचा तक्ता होता, भेटणाऱ्या दोन रेषांची आकृती होती आणि चूक कशी झाली ते होतं. खुणांना मी 'क' आणि 'ख' म्हटलं. रेषांमधला कोन दिला, जागा दिली नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांची गाडी तळेऱ्याला बंद पडली, त्यामुळे ते दीड तास उशिरा आले. लंबकवाले भराभर आत गेले आणि भराभर बाहेर आले. माझा नंबर शेवटी. परीक्षक पन्नाशीचे, शांत, नीट वाचणारे. बांबूंची आकृती त्यांना आवडली. काटकोन कसा तपासला, घड्याळ दाबण्यातली चूक किती धरली, दोन्ही होड्यांत मीच का बसले, हे त्यांनी विचारलं आणि माझी उत्तरं त्यांना पटली. मग ते त्या पानावर आले.

"हे 'क' आणि 'ख' काय आहेत? झाड? देऊळ?"

"खुणा आहेत, सर. मासेमारीच्या."

"ते लिहिलंय. कोणत्या? कुठे?"

"ते लिहिता येणार नाही, सर."

त्यांनी वर बघितलं. आमचे सर त्यांच्या शेजारी बसले होते, त्यांनी पंख्याकडे बघितलं.

मी सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सगळं सांगितलं. खडक, आजोबा, बाबा. परीक्षकांनी मध्ये तोडलं नाही. मग ते म्हणाले, "हे बघ, भावना समजतात. पण विज्ञानात गुपित नसतं. तू म्हणतेस चूक अशी झाली. दुसऱ्या कुणाला ती तपासता आली पाहिजे. जागा नसेल तर हे पान पुरावा नाही, गोष्ट आहे."

ते बरोबर होते. मला ते तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. मी तीन वर्षं हेच शिकले होते. पण ती वही कॉलेजच्या कपाटात राहणार, पुढच्या वर्षी मुलं ती उघडणार, आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरी होड्या आहेत. बरोबर असण्याची किंमत दुसऱ्याने द्यायची असेल तर ती मी कशी लिहून द्यायची?

"बांबूंच्या जागा सगळ्या मापांसह दिल्यात, सर," मी म्हणाले. "माझा निकाल त्यावर उभा आहे. तो कुणीही येऊन तपासू शकतो. या खुणांवर मी काहीच उभं केलेलं नाही. आणि त्या माझ्या नाहीत."

"मग पान काढून टाक. निकालाला त्याची गरज नाही. मी दहा मिनिटं थांबतो."

यात माझं काहीच जात नव्हतं. वहीतून एक पान गेलं असतं, बाबांच्या खुणा राहिल्या असत्या, मार्क मिळाले असते. सरांनी मला डोळ्यांनी सांगितलं, काढ.

"पान काढलं तर मी पहिल्यापासून बरोबर होते असं दिसेल," मी म्हणाले. "मी नव्हते. पाच आठवडे चुकीचं मोजलं. ते राहू दे, सर."

"पान अपुरं आहे. मला मार्क कापावे लागतील."

"नापास, सर?"

"ते मी आत्ता सांगणार नाही."

मावशीची दोन स्थळं डोळ्यासमोर आली, हेही लिहायला हवं. पण मला अचानक असंही वाटलं, की एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या तरी समोर बसून, मनात न तपासता बोलते आहे, आणि भाषा मला सोडून गेलेली नाही.

"कापा, सर," मी म्हणाले.

त्यांनी पेनचं टोपण उघडलं.

निकाल महिन्याने लागला. प्रोजेक्टमध्ये वर्गात सगळ्यांत कमी मार्क मला. पासापुरते, आणि वर दोन. आमचे सर भेटले तेव्हा म्हणाले, "लंबकवाल्यांना तुझ्यापेक्षा पंधरा जास्त आहेत." मी म्हटलं, "हो, सर."

घरी आले तेव्हा बाबा अंगणात बसून जाळ्याची फाटलेली जागा शिवत होते. मी पास झाल्याचं आईने बाजारात आधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मार्कांचं मात्र तिला ठाऊक नव्हतं. बाबांना मी दोन्ही सांगितलं, आणि कमी का, तेही. त्यांनी सुई थांबवली.

"म्हणजे माझ्यापायी गेले तुझे मार्क."

"तुमच्यापायी नाय, बाबा," मी म्हणाले. "माझे होते. मी घालवलंय."

मग जाळ्याचं दुसरं टोक त्यांनी माझ्याकडे सरकवलं, ताणून धरायला, आणि मी ते धरून खाली बसले.